विहीर तुमची, पाणी कुणाचं? सातारा-सांगलीच्या भूजल आराखड्याची गोष्ट

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीला पाचशे मिलिमीटर झाला तरी लोक म्हणतात, यंदा बरं झालं. दोन्ही गावं एकाच सातारा जिल्ह्यातली. सांगलीतही तेच. शिराळ्याला भाताची खाचरं, जतला टँकर. आणि मधे कृष्णाकाठी वाळवा, पलूस, मिरजेचा पट्टा, जिथं जमिनीखालचं पाणी इतकं वर आलंय की रानावर मीठ फुटतं.

त्यामुळे या दोन जिल्ह्यांसाठी ‘भूजल वाचवा’ एवढं म्हणून भागत नाही. माणदेशात, म्हणजे दहिवडी-आटपाडीकडच्या कोरड्या पट्ट्यात, पातळी वर आणायची आहे, तर कृष्णाकाठी ती खाली न्यायची आहे. पाण्याचा प्रादेशिक आराखडा लागतो तो यासाठी. महाराष्ट्रात २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानं एकात्मिक राज्य जल आराखडा बंधनकारक केला. हा आराखडा जिल्ह्यावार न करता नदीच्या खोऱ्याप्रमाणे करायचा असतो, कारण पाणी उताराप्रमाणे जातं, तहसीलदाराच्या हद्दीप्रमाणे जात नाही. येरळा खटावात उगम पावते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. माणगंगा मात्र दहिवडी, म्हसवड, आटपाडी करत सांगोल्याकडून भीमेला जाते. म्हणजे शेजारशेजारचे खटाव आणि माण हे तालुके पाण्याच्या हिशोबात बऱ्याच अंशी वेगवेगळ्या घरचे.

धरणं, कालवे, उपसा योजना यांचं या आराखड्यात नीट बसतं. पाणी डोळ्यांना दिसतं, गेटवर मोजता येतं. अडतं ते जमिनीखालच्या पाण्याशी. ते का अडतं हे कळायला आधी खडक बघावा लागतो.

मे महिन्यात खटाव किंवा खानापूर तालुक्यातल्या एखाद्या रिकाम्या विहिरीच्या काठावर उभं राहून खाली बघा. वर दोन-चार फूट माती. तिच्याखाली मुरूम, हातानं उकरला तरी सुटेल असा. मग कच्चा पाषाण, भेगांनी चिरलेला, त्या भेगांमधून ओल काळपट दिसते. मधेच एखादा तांबडा गेरूचा पट्टा. कुठं मांजऱ्या खडक, बारीक भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा. आणि तळाला काळा पक्का पाषाण, ज्यावर सुरुंगाच्या नळ्यांच्या खुणा अजून स्पष्ट दिसतात. विहीर चाळीस-पन्नास फूट खोल असली, तरी पाणी देणारा थर त्यातला मधला काही फुटांचाच. ‘झरा कुठं आहे?’ म्हणून विचारलं की घरातला म्हातारा माणूस बरोबर त्याच मुरूम-मांजऱ्याच्या सांध्याकडे बोट दाखवतो.

राज्याच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त भूभागाखाली हाच बेसाल्ट आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले, त्यातले काही पाणी धरणारे, काही कोरडे ठणठणीत. गंगेच्या मैदानात खाली शेकडो फूट वाळू आहे, आणि वाळू पाणी भरपूर साठवते. आपल्याकडच्या झिजलेल्या खडकातून सुटून मिळणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण दोन टक्के धरतात. म्हणजे एक हेक्टर रानाखालची पाण्याची पातळी एक मीटरनं खाली गेली, तर हाताला किती लागलं? दहा हजार घनमीटर खडकातून दोनशे घनमीटर. दोन लाख लिटर. पाच अश्वशक्तीची मोटर हे पाणी काही दिवसांत उपसते. विहीर दुपारी तळ दाखवते आणि सकाळी परत चार फूट भरलेली असते, ती याच मुळे. साठा छोटा, आणि भरणाही हळू.

इथंच बोअरची भुरळ सुरू होते. विहीर आटली की दोनशे फूट, तिथं नाही लागलं की चारशे, मग सहाशे. बोअर मारताना आधी तांबूस धूळ उडते, मग करडी, मग तासन् तास नुसती काळी भुकटी. ती काळी भुकटी म्हणजे पक्का पाषाण, त्यात पाणी नसतंच. दोन लाव्हाथरांच्या सांध्यात किंवा एखाद्या खोल भेगेत बोअर घुसली की ‘दोन इंची लागलं’ म्हणून नारळ फुटतो. पण त्या भेगेत साठलेलं पाणी कित्येक वर्षांत झिरपून आलेलं असतं आणि परत भरायला तितकाच वेळ घेतं. दोन-तीन उन्हाळ्यांत ते दोन इंच अर्ध्यावर येतं. शिवाय वरच्या थराला नीट केसिंग, म्हणजे भोकाला आतून बसवायची नळी, घातलं नसेल तर ती बोअर उलटं काम करते. वरच्या विहिरींच्या थरातलं पाणी त्याच भोकातून खाली निसटतं. मालकाला वाटतं बोअरला पाणी लागलं. ते शेजाऱ्याच्या विहिरीचं असू शकतं. पाणाड्याच्या हातातली काठी एवढं सांगत नाही.

आता पाण्याचा ताळेबंद. हा शब्द सरकारी कागदावर फार वापरला जातो आणि फार कमी समजावला जातो, म्हणून आपण एक गाव कल्पनेनंच घेऊ आणि आकडे मांडू.

गावाचं शिवार हजार हेक्टर, म्हणजे अडीच हजार एकर. पाऊस पाचशे मिलिमीटर, माणदेशातला चांगल्या वर्षाचा. एकूण पडलेलं पाणी पाचशे कोटी लिटर. आकडा ऐकून बरं वाटतं. पण त्यातलं बरंचसं मातीतून आणि पिकातून उडून जातं, काही ओढ्यानं वाहून जातं. आपल्या खडकात पावसाच्या सात ते चौदा टक्के पाणी मुरतं असं धरण्याची पद्धत आहे, आपण दहा धरू. पन्नास कोटी लिटर जमिनीत गेलं. त्यातलं दहाएक टक्के पाणी ओढ्याला, झाडांना, उताराखालच्या गावाला आपोआप जाणारच, ते आपलं नव्हे. उरलं पंचेचाळीस कोटी.

दोन हजार माणसं, माणशी रोजचे ५५ लिटर. जलजीवन मिशनचा हाच हिशोब आहे. वर्षाला चार कोटी. हजारभर जनावरं, प्रत्येकी पन्नास लिटर, त्याचे साधारण दोन कोटी. माणसं आणि जनावरं मिळून सहा कोटींत भागली. हाताशी ३९ कोटी.

उसाला लागणीपासून तोडीपर्यंत ढोबळ दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं. पावसाचं धरून वरून निदान पंधराशे तरी द्यावंच लागतं. एका एकराला ते साठ लाख लिटर होतं. ३९ कोटींत ऊस किती होईल? पासष्ट एकर. अडीच हजार एकरांच्या शिवारात फक्त पासष्ट. तेच पाणी शाळू ज्वारीला दोन पाळ्या देण्यासाठी वापरलं, एका पाळीला तीन इंच धरून, तर साडेसहाशे एकर भिजतं. दिलेल्या पाण्यातलं काही परत मुरतं, ठिबकानं उसाचं पाणी बऱ्यापैकी कमी होतं, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे सैल धरायला हरकत नाही. तरी प्रमाण बदलत नाही. एक एकर ऊस म्हणजे सुमारे तीस एकर शिवारात मुरलेलं पाणी.

मग पासष्टच्या जागी दोनशे एकर ऊस उभा असलेली गावं चालतात कशी? एक तर खालच्या जुन्या साठ्यावर, किंवा कालव्याच्या पाण्यावर. आणि हे दुसरं प्रकरण आराखड्याच्या दृष्टीनं फार गमतीचं आहे.

कराडजवळ टेंभूला कृष्णेतून पाणी उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळकडे आणि पुढं सांगोल्यापर्यंत नेलं जातं. ताकारी आणि म्हैसाळ याही अशाच उपसा योजना. या पाण्यानं तलाव भरले, ओढे वाहिले, आणि तलावाखालच्या विहिरी वर आल्या. लोक म्हणतात, ‘टेंभूचं पाणी आलं आणि विहीर जिवंत झाली.’ अगदी खरं आहे. पण कागदावर बघा. तेच पाणी कृष्णेतून उचललं म्हणून धरणाच्या वहीत एकदा लागतं, आणि विहिरीत मुरलं की भूजलाच्या वहीत जमेला पुन्हा एकदा. दोन्ही वह्या वेगवेगळ्या खात्यांकडे. ज्या वर्षी योजनेचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, लांबतं त्या वर्षी कळतं की तालुक्याचं भूजल वाढलं असं जे वाटत होतं, ते विजेवर पंप चालवून चढवलेलं नदीचं पाणी होतं.

याची मुळं जुनी आहेत. कृष्णेच्या पाण्याचा महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांच्यातला वाद मिटवण्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादानं १९७६ च्या अंतिम आदेशात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्याच आदेशात आणखी एक कलम आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. आपापल्या हद्दीतलं भूजल वापरायला तिन्ही राज्यं मोकळी आहेत आणि तो वापर कृष्णेच्या पाण्याचा वापर म्हणून मोजला जाणार नाही. वाटपाचा गुंता सोडवायला हे सोयीचं होतं. निसर्गाला ते मान्य नाही. दिवाळीनंतर येरळेला किंवा गावच्या ओढ्याला जे पाणी वाहत असे ते आभाळातून पडत नव्हतं, ते विहिरींच्याच थरातून पाझरून येत होतं. विहिरी खाली गेल्या तशी नदी डिसेंबरातच कोरडी पडायला लागली. माझ्या मते प्रादेशिक आराखड्याची कसोटी हीच आहे. नदी, कालवा आणि विहीर यांची एक वही होते का. बाकीचे नकाशे आणि तक्ते कितीही रंगीत असोत.

मोजणी होत नाही असं मात्र नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७० च्या दशकापासून हेच काम करते. राज्याची दीड हजारांवर पाणलोट क्षेत्रं, म्हणजे ज्यांचं पाणी एकाच ओढ्या-नदीला उतरतं असे भाग, पाडलेली आहेत, त्यांत निरीक्षण विहिरी ठरवलेल्या आहेत आणि वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत त्यांची पातळी घेतली जाते. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पुढच्या उन्हाळ्यात टंचाई कुठं येईल याचा अंदाज निघतो. उपसा आणि भरणा यांच्या प्रमाणावरून भाग ठरतात. वर्षाला मुरणाऱ्या वापरायोग्य पाण्याच्या सत्तर टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर सुरक्षित, नव्वदपर्यंत अंशतः शोषित, शंभरपर्यंत शोषित, आणि शंभरच्या वर गेला की अतिशोषित. सरासरीचा एक दोष इथं लक्षात ठेवायचा. तालुका सुरक्षित दिसतो तेव्हा त्यात नदीकाठची तुडुंब गावं आणि माथ्यावरची कोरडी गावं एकत्र मिसळलेली असतात. म्हणून तालुक्याचा रंग बघून निश्चिंत होऊ नये, आपल्या पाणलोटाचा आकडा मागावा.

कृष्णाकाठाकडे वळू, कारण तिथली अडचण भूजलाच्या चर्चेत बहुतेक वेळा सुटते. काळी खोल जमीन, बारमाही पाणी, वर्षानुवर्षं पाटानं मोकळं सोडलेलं. निचरा नाही. खालची पातळी वर येत येत मुळाशी आली. मातीतून ते पाणी केशाकर्षणानं पृष्ठभागावर चढतं, उन्हात उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. उन्हाळ्यात अशा रानातून चाललं की पायाखाली पांढरी पापडी मोडते, ऊस गुडघ्याएवढा राहून पिवळा पडलेला असतो, मधे मधे नुसती बाभळ. यावर उपाय आहे. सच्छिद्र पाइप जमिनीत पुरून खालचं पाणी नाल्याला काढून देणं. पण एकट्यानं पाइप घालून उपयोग नसतो, सलग पट्ट्यातल्या सगळ्या खातेदारांनी मिळून घालावे लागतात आणि खालच्या माणसानं आपल्या बांधातून वाट द्यावी लागते. तिथं घोडं अडतं.

आणि नेमकं तिथंच माणदेशातही अडतं. पाणी कुणाचं?

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे अशी समजूत रुजली आहे की जमीन ज्याची, खालचं पाणी त्याचं. खडकाला ही समजूत माहीत नाही. भावाभावांत विहीर सामाईक असते तेव्हा सात-बारावर प्रत्येकाचा हिस्सा असतो आणि पाळी ठरलेली असते. सोमवारी तात्यांची मोटर, मंगळवारी आण्णांची. भांडणं होतात, पण पाळी असते. अख्ख्या पाणलोटाखालचा थर हीच एक मोठी सामाईक विहीर आहे, फरक इतकाच की इथं हिस्सा कुणी लिहिलेला नाही, पाळी कुणी लावलेली नाही, आणि ज्याची बोअर खोल त्याची मोटर रोज चालू.

२००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास आणि व्यवस्थापन) कायदा ही पाळी लावण्याचा प्रयत्न आहे. अंमल १ जून २०१४ पासून. त्यात विहिरींची नोंदणी आहे, बोअर मारणाऱ्या गाड्यांच्या मालकांची नोंदणी आहे, शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल जायला मनाई आहे. अधिसूचित, म्हणजे सरकारनं जाहीर केलेल्या, क्षेत्रात पाणलोट समिती आणि पाण्याप्रमाणे पीक आराखडा आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायची नाही, हा दंडक तर १९९३ च्या जुन्या कायद्यापासूनचा. नियमांचा मसुदा २०१८ मध्ये हरकतींसाठी निघाला तेव्हा हरकतींचा पाऊस पडला. शेतकऱ्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. शहरं आणि कारखाने नदीतून पाणी नेतात, त्यांना कोण विचारतं, आणि आमच्या बोअरवर मात्र पट्टी लावता. पण सहाशे फुटांची बोअर मारणारी गाडी रात्रीत येऊन पहाटे निघून जाते आणि गावात कुणी अवाक्षर काढत नाही, हेही तितकंच खरं. त्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत. एक कायदा म्हणतो खोल जाऊ नका, एक योजना म्हणते मोटर चालू ठेवा. आराखडा लिहिणाऱ्यानं या दोन्हींचा मेळ कसा घालायचा?

भरण्याच्या बाजूला काम झालेलं आहे, आणि ते दिसतंही. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेत, २०१६ च्या पहिल्याच वर्षी, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, २०१८ मध्ये माण तालुक्यातली टाकेवाडी. सलग समतल चर, माती बांध, माथ्यापासून पायथ्यापर्यंत. ज्या कामात पाणी मुरूम-मांजऱ्याच्या थरात जातं ते काम विहिरीत उतरतं. पण नाला खोलीकरणाच्या उत्साहात पोकलेननं पक्क्या पाषाणापर्यंत खणलेले नाले मी बघितलेत. तिथं पाणी साठतं, मुरत नाही. उलट शेजारचा पाणी धरणारा थर कापला गेला तर त्यातलंच पाणी नाल्यात गळतं आणि नाला भरलेला बघून सगळे फोटो काढतात. वाळूचंही तसंच. नदीपात्रातली वाळू हा फुकटचा साठवण तलाव असतो. तो ट्रॅक्टरनं निघून गेला की काठच्या विहिरी उतरतात. खानापूर तालुक्यात येरळेवर बलवडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरण बांधलं, तेव्हा वाळू विकूनच पैसा उभा केला, पण वाळू किती काढायची हे गावानं ठरवायचं, ठेकेदारानं नव्हे, आणि पाणी समान वाटायचं, या अटीवर. चाळीस वर्षांपूर्वीची ती मांडणी आजच्या कुठल्याही आराखड्यापेक्षा स्पष्ट होती.

राहिली गुणवत्ता. खत जास्त पडतं तिथं विहिरीत नायट्रेट उतरतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली तर तान्ह्या बाळांना त्रास होतो आणि पाणी उकळून तो जात नाही. गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीभोवती उकिरडा, शोषखड्डा, मळीचा नाला नको, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

२५ डिसेंबर २०१९ ला जाहीर झालेल्या अटल भूजल योजनेत सात राज्यं होती, महाराष्ट्रातले तेरा जिल्हे होते आणि त्यांत सातारा, सांगली दोन्ही होते. तिच्यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट निधी नव्हे. गावानं दरवर्षी आपला ताळेबंद स्वतः मांडायचा आणि पर्जन्यमापक, विहिरींच्या पातळ्या गावातच लिहून ठेवायच्या, ही ती गोष्ट. योजना असो नसो, हे करायला मोजपट्टी आणि वही पुरते. विहिरीच्या काठावर एक पक्की खूण करायची, तिथून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं, मोटर बंद असताना, पहाटे. वरच्या आळीतली एक विहीर, मधली एक, ओढ्याकाठची एक.

वेळ मात्र सांभाळावी लागते. परतीचा पाऊस थांबला की ऑक्टोबरच्या शेवटी आकडे मांडायचे, कारण रब्बीची पेरणी आणि उसाची लागण ठरण्याआधीच ग्रामसभेत ते उपयोगाचे. जानेवारीत ऊस उभा असताना ताळेबंद वाचला तर पीक मोडायला कुणीच तयार होत नाही, आणि होऊही नये. पहिल्या वर्षी ग्रामसभेनं एवढंच ठरवलं तरी चालेल: पिण्याच्या विहिरीच्या ५०० मीटरच्या आत नवी बोअर नाही, आणि गावाचे सहा कोटी लिटर आधी बाजूला काढून मग पिकाची बोलणी.